बाजेखालचा साहेब

आमच्या घरात माझ्यापुढं पाय आपटायची हिंमत पोरांनी कधी केली नाही, भावांनी केली नाही. ती केली एका सशानं. माझा आवाज चढला की बाजेखालून मागचा पाय धप्पकन आपटायचा. मी गप्प होईपर्यंत आपटतच राहायचा.

भवानीनगरजवळ आमचा ऊस. तोड संपत आली की फडातली जनावरं शेवटच्या चार सऱ्यांत गोळा होतात आणि तोडकरी कोयते घेऊन भोवती उभे राहतात. त्यातून हा निघाला. पांढराशुभ्र, एक कान फाटलेला. कुणीतरी पाळून सोडून दिलेला असणार. तोडकऱ्यांनी चूल पेटवलीच होती. आमच्या मंडळींनी माझा तुरेवाला कोंबडा त्यांच्या हातात दिला आणि ससा पदरात घेतला.

"कोंबडा देऊन ससा? डोकं फिरलं का तुझं?" मी ओरडलो. पदरातूनच त्यानं पाय झाडला.

"बघा, साहेबांना आवाज चालत न्हाय," ती म्हणाली. तेच नाव पडलं.

साहेब आल्यागेल्याची चप्पल हुंगून तपासायचा. तिच्या हातचा लसूणघास खायचा. मी घास पुढं धरला की पाठ करून बसायचा. शेजारी म्हणायचे, "तात्या, घरात तुमच्यापेक्षा साहेबाचं वजन जास्त हाय." आणि ही हसायची, "चाळीस वर्षांनी माझ्या बाजूनं बोलणारा कुणीतरी आला." हसण्यावारी न्यावं असंच बोलणं. मला टोचायचं.

मग ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या सापडल्या. मी म्हणालो, हाच तो.

"अवो, तो दाराबाहेर तरी जातोय का? खारी हायेत त्या."

मला ठाऊक होतं. लिहायला लाज वाटते, पण तेव्हाही ठाऊक होतं. मला निमित्त हवं होतं. ती दळणाला गेली तेव्हा साहेबाला पिशवीत घातला, एसटीनं मोरगावला नेला आणि गावापुढच्या ज्वारी काढलेल्या रानात सोडला. तो पळाला नाही. माझी चप्पल हुंगत बसला. मी निघालो तेव्हा मागं धप्प असा आवाज आला. मी वळलो नाही.

घरी सांगितलं, दार उघडं राहिलं, पळाला. आठवड्यात नळ्या पुन्हा कुरतडलेल्या दिसल्या. कुणाला कळू नये म्हणून मी गुपचूप जॉइनर बसवले. ती रोज संध्याकाळी बाजेखाली घासाची जुडी ठेवायची. सकाळी ती उठायच्या आत मी ती शेळीपुढं टाकायचो. तिला वाटावं, साहेब येऊन जातोय.

एका संध्याकाळी जुडी ठेवता ठेवता ती म्हणाली, "शेळीला जरा कमी टाकत जावा. पोट फुगलंय तिचं." मी उठून दाराकडं निघालो. "कुठं सोडला, तेवढं सांगा."

"मोरगावला."

"तितं पाणी तरी होतं का?"

मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन ते रान पालथं घातलं. पुन्हा एकदा गेलो. काही मिळालं नाही. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून माझा आवाज चढला. तिनं बाजेखाली बघितलं. मीही बघितलं. मग ताटातल्या आमटीत पाणी ओतलं आणि मुकाट जेवलो.