बसच्या वळणावरची खिडकी

कतारमधल्या मेसईदला तेव्हा सगळे उम्म सईद म्हणायचे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझा नवरा तिथल्या एका कारखान्यात फिटर होता आणि आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये पहिल्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, एक कुरकुरणारा एसी आणि स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं. सकाळपाळीची माणसं घेऊन येणारी बस दुपारी तिथूनच आत वळायची. बसची वेळ झाली की हातातलं काम टाकून मी खिडकीत जायचे आणि बस दिसली की परत कामाला लागायचे. पण बसला जरा उशीर झाला की मी खिडकीतून हलायचे नाही. मग काचेला कपाळ टेकून मी नुसती उभी. मागे भात करपला तरी पत्ता नसायचा.

ही सवय मी माहेरून आणली होती. माझं माहेर वसईच्या किनाऱ्यावरचं, मासेमारी करणाऱ्यांचं. बा होडी घेऊन गेला की परतायच्या वेळेला आई वाळूत जाऊन उभी राहायची. तोंडात नमो मरियाची प्रार्थना, डोळे पाण्यावर. एकदा माझा काका गेला तो आलाच नाही. त्यानंतर आईचं उभं राहणं वाढलं आणि तिचा पदर धरून मीही उभी राहायला शिकले. पुढे मी हट्टाने जमिनीवर काम करणाऱ्या माणसाशी लग्न केलं, तर तो मला घेऊन समुद्रापलीकडे आला. नशिबाशी कोण भांडणार?

तिथे चर्च नव्हतं. फादर कधीतरी यायचे, तेव्हा कुणाच्या तरी घरी मिस्सा व्हायची. एरवी वसईची आम्ही चार-पाच कुटुंबं दर आठवड्याला एकमेकांकडे प्रार्थनेला जमायचो. सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमचा रविवार शुक्रवारीच यायचा. पडदे ओढून घ्यायचे, गाणी हलक्या आवाजात म्हणायची, चपला दाराबाहेर न ठेवता आत घ्यायच्या. आम्हाला कुणी कधी काही बोललं नव्हतं, पण जिन्यात पाऊल वाजलं की गाणं आपोआप थांबायचं. पाऊल वरच्या मजल्यावर गेलं की आम्ही राहिलेल्या ओळीपासून पुढे सुरू करायचो.

शुभवर्तमान वाचून झालं की मास्तर चिंतन घ्यायचे. मास्तर म्हणजे स्टोअरमध्ये काम करणारे एक वयस्क गृहस्थ. गावी ते मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, म्हणून इथेही मास्तरच. त्यांचा एक नियम होता. जे ऐकलं त्यातून प्रत्येकाने आठवड्यासाठी एक कृती घ्यायची, सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायची, आणि पुढच्या शुक्रवारी ती जमली का ते कबूल करायचं. ‘मी जास्त प्रेमळ होईन’ असलं काही त्यांना चालायचं नाही. “कुणाशी आणि कधी, ते सांगा,” म्हणायचे. मग एखादा आपल्या फोरमनला मनातल्या मनातसुद्धा शिव्या न देण्याचं ठरवायचा आणि दुसऱ्याच दिवशी ते मोडून बसायचा.

त्या शुक्रवारी आमच्याच घरी प्रार्थना होती आणि वाचन होतं वादळाचं. येशू शिष्यांबरोबर होडीत आहे. वादळ सुटतं, लाटा होडीत येतात आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. शिष्य त्याला उठवतात, आम्ही बुडतोय त्याचं तुला काहीच नाही का, म्हणतात. तो उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्र शांत होतो. मग तो त्यांना विचारतो, तुम्ही एवढे घाबरलात का?

मला ही गोष्ट लहानपणापासून खटकायची. त्या दिवशी राहवलं नाही.

“मास्तर, पाणी भरलेल्या होडीत कुणाला झोप लागत नाही,” मी म्हटलं. “आणि घाबरलात का म्हणून काय विचारायचं? त्यात कोळी होते. घाबरण्यासारखं होतं म्हणूनच घाबरले ते.”

मास्तर रागावले नाहीत. “असेल,” म्हणाले. “तुला कशाची भीती वाटते, ते सांग बघू.”

मी ओढलेला पडदा पुन्हा ओढायला उठले. पण माझा नवरा गप्प बसतोय होय? “हिची खिडकी,” तो म्हणाला आणि सगळे हसले, कारण माझी खिडकी सगळ्यांना ठाऊक होती. “बस पाच मिनिटं लेट झाली तर ही मला पुरून मोकळी होते, मास्तर. घरी येतो तर ही माझ्याकडे भुताकडे बघावं तशी बघते.”

“मग ठरलं,” मास्तर म्हणाले. “या आठवड्यात खिडकीत जायचं नाही. तेवढा वेळ प्रभूच्या हवाली करायचा. जमेल?”

चारचौघांत नाही कसं म्हणणार? जमेल म्हटलं. नवऱ्याला मात्र त्या रात्री मी आमटी वाढताना कमी वाढली.

शनिवारी बसची वेळ झाली तशी मी खिडकीकडे पाठ करून पीठ मळायला घेतलं. प्रत्येक मुठीला म्हणत होते, प्रभू, बस तुझ्या हवाली, प्रभू, बस तुझ्या हवाली. कान मात्र मी कुणाच्याही हवाली केले नव्हते. ते रस्त्यावरच होते. पिठात पाणी जास्त झालं, मग पीठ घातलं, मग परत पाणी. चपात्या दोन दिवस पुरल्या.

रविवारी मी पळवाट काढली. आमची मुलगी सात वर्षांची होती. इंग्रजी शाळेत जायची, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत द्यायची.

“जा गं, बघ बस आली का.”

“नॉट यट, मम्मी.”

“आता?”

“नॉट यट.”

खिडकीखाली तिने स्वतःच एक स्टूल आणून ठेवलं. मी नियम पाळतच होते, मी काही खिडकीत जात नव्हते. सोमवारी, मंगळवारी तिला सांगावंही लागलं नाही. शाळेतून आली, दप्तर टाकलं की स्टुलावर. नवरा रोज घरात शिरल्या शिरल्या मला विचारायचा, “बरी आहेस ना?” मला वाटायचं, चिडवतोय. मीही फणकाऱ्याने सांगायचे, “मला काय धाड भरलीय?”

मंगळवारी संध्याकाळी शमाल सुटला. उत्तरेकडून येणारा तो वाळूचा वारा एकदा लागला की दिवस दिवस थांबत नाही. बुधवारी सकाळी नवरा तोंडाला रुमाल बांधून कामावर गेला. शाळा बंद होती. मी दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले तरी ताटांवर, उशांवर, जिभेवर बारीक वाळू येत होती. खिडकीची काच पिवळी झाली होती. बसची वेळ झाली, टळली, आणखी बराच वेळ गेला. बस आली नाही.

दार वाजलं. समोरच्या क्वार्टरमधल्या नाशिकच्या ताई होत्या. त्यांचे यजमान आणि माझा नवरा एकाच पाळीला. मी नवऱ्याला अरे-तुरे करते हे ऐकून त्यांना सुरुवातीला धक्काच बसला होता, पण पुढे आमचं चांगलं जमलं.

“वहिनी, तुमच्या खिडकीतून दिसतं म्हणून विचारते. बस वळली का हो?”

“आज काहीच दिसत नाही, ताई.”

“मी कॉलनीच्या गेटवर जाऊन कारखान्यात फोन करून आले. लाइनच लागत नाही. गेटवरचा म्हणतो, इन्शाल्ला येतील.” त्यांनी पदराने तोंडावरची वाळू पुसली. मग म्हणाल्या, “देवापुढे दिवा लावते,” आणि गेल्या.

मी ओट्यापाशी परत आले आणि घासलेलीच पातेली पुन्हा घासायला लागले. हातात घासणी, तोंडात रोझरी. पण एक नमो मरिया धड पुरी होत नव्हती. मध्येच मला रस्ता दिसायचा, त्यावर सरकत आलेली वाळू दिसायची, कलंडलेली बस दिसायची. मध्येच बाची होडी दिसायची. शेवटी मी प्रार्थना सोडली आणि भांडायलाच लागले. तू झोपलायस का? तुला काहीच नाही का आमचं? हे मी आधी कुठेतरी ऐकलंय, एवढं लक्षात आलं, पण त्यानेही धीर आला नाही.

मग जाणवलं की बऱ्याच वेळात मुलीचा आवाज आलेला नाही.

मी वळून पाहिलं. ती स्टुलावर उभी होती. कपाळ काचेला टेकलेलं, दोन्ही हात खिडकीच्या कडेला घट्ट धरलेले, ओठ हलत होते. बाहेर पिवळ्या धुळीशिवाय काहीही नव्हतं आणि ती पापणी न लववता तिकडे बघत होती. मी पाठमोरी कशी दिसत असेन, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

“खाली ये, बाळा.”

“आय कान्ट.”

“का?”

“इफ आय स्टॉप लुकिंग, द बस वोन्ट कम.”

हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. पण मी स्वतः इतकी वर्षं नेमकं हेच मानत आले होते, आणि वाळूत उभी राहणारी माझी आईही. कोणी तरी बघत राहिलं तरच माणसं परत येतात. मास्तरांचा नियम पाळते म्हणता म्हणता मी माझं ओझं उचलून या पोरीच्या डोक्यावर ठेवलं होतं.

अगं, घाबरायचं काय त्यात, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शुक्रवारचं वाचन आठवलं. त्याने आधी वारा थांबवला होता. एवढे घाबरलात का, हे नंतर विचारलं होतं. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत होते, तिच्याशी भांडत होते, पण हा क्रम मला कधी दिसला नव्हता.

बाहेरचा वारा थांबवणं काही माझ्या हातात नव्हतं. मी तिला उचलून खाली घेतलं. तिचं तोंड धुतलं, डोळ्यांतली वाळू ओल्या फडक्याने पुसली. तिथल्या खुबूस रोटीला लोणी-साखर लावून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “आता माझी पाळी. तू खा. मी बघते. बस आली की तुला सांगते.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

मी पडदा पूर्ण बाजूला सारला, ट्यूब लावली आणि खिडकीत उभी राहिले. मास्तरांचा नियम मोडला तो मोडला. मागे ती खात होती, काहीतरी गुणगुणत होती. मग आवाज थांबला. पाहिलं तर चटईवर, माझ्या घडी न केलेल्या कपड्यांच्या ढिगावर डोकं ठेवून ती गाढ झोपली होती. वारा तसाच घोंघावत होता, काचेवर वाळू आपटत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले. घोंघावणाऱ्या वाऱ्यातही झोप लागते तर, कोणावर तरी भार टाकता आला की.

तरी मला भीती वाटत होतीच. ती गेली असं सांगितलं तर खोटं होईल. पण आता मी घाबरत घाबरत रोझरी पुरी करू शकले.

अंधार पडता पडता वारा जरा बसला. वळणावर दोन मळकट दिवे दिसले आणि हळूहळू आत आले. समोरच्या ताईंचं दार उघडल्याचा आवाज आला. मी मुलीला हलवून सांगितलं, “बस आली.” तिने डोळे न उघडताच “ओके” म्हटलं आणि कूस बदलली.

नवरा आला तो भुवयांपासून बुटांपर्यंत पिवळा होता. रस्त्यावर वाळू चढली होती. मशीन येऊन ती बाजूला करेपर्यंत सगळ्यांना आतच बसवून ठेवलं होतं, त्याने सांगितलं. बाकी सगळं ठीक होतं. तो पाणी प्यायला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

“खिडकीत होतीस,” तो म्हणाला.

“होते. मोडला नियम. सांग खुशाल मास्तरांना.”

तो हसला नाही. “शनिवारपासून बस वळली की मी खिडकी बघतोय आणि तू नाहीस. रविवारपासून तर पोरगीच उभी दिसायची. एकटी. नियम ठाऊक होता, तरी वाटायचं तुला काहीतरी झालं. जिना चढून दार उघडेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? हसलो तर मीच होतो ना.”

मला इतका राग आला की रडू फुटलं. आठवडाभर मी पाठ करून पीठ मळत होते आणि हा बसमध्ये माझ्यासाठी मरत होता. “बरी आहेस ना” म्हणत होता आणि मी फणकारत होते. त्याने मला जवळ घेतलं आणि माझ्या गाऊनला सगळी वाळू लागली.

त्या शुक्रवारी मास्तरांच्या घरी जमलो. पडदे ओढलेले, चपला आत. एकेकाने आपापली कृती सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की बुधवारपर्यंत खिडकीत गेले नाही आणि बुधवारी गेले. मास्तर पुढे काही विचारणार होते, पण का कुणास ठाऊक, ते माझ्या नवऱ्याकडे वळले.

“तुम्ही कधी सांगितलं नाही. तुम्हाला कशाची भीती वाटते?”

त्याने मांडीवरचं गाण्यांचं पुस्तक मिटलं.

“हिची खिडकी,” तो म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं, वर गेलं, आणि आम्ही गाणं सुरू केलं.

शनिवारी बसची वेळ झाली तेव्हा मुलगी टेबलाशी चित्र काढत होती. मी गॅस बारीक केला आणि खिडकीत गेले. बस वळली तसा मी हात वर केला. इतक्या वर्षांत हे मी कधीच केलं नव्हतं. बसच्या एका काचेमागे कुणीतरी हात वर केला. लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तोच होता.