ताईच्या वर्गावर मी

किस्से साठतात कसे, ते मला आत्ता कळलं. ते तर रोजच घडतात, पण घरी ऐकणारं कोणी असलं की चहाबरोबर संपून जातात. ताई संडे स्कूल घेऊन घरी आली की पोरांच्या गमती सांगायची, मी हसायचो, विषय संपला. उन्हाळ्याच्या तोंडावर तिला कावीळ झाली आणि ती गेलीच. आता तिचा वर्ग मी घेतो, आणि सांगायला घरात कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी सातवी नापास. नागोठण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर. आमची वाडी तिथून रोह्याकडे जाताना, नदीकाठाला. उपासनेला पत्र्याची एक खोली. पास्टर पेणहून मोटरसायकलवर येतात. ताईच्या मातीला आले तेव्हा म्हणाले, "दुसरं कोणी मिळेपर्यंत पोरांना कोण सांभाळेल?"

मी पटकन म्हणालो, "मी!"

का म्हणालो, अजून कळलेलं नाही.

*

पहिल्या रविवारी काय वाचायचं तेच माहीत नव्हतं. बायबलातला नवा करार उघडला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिथं नुसती नावं! याला तो झाला, त्याला हा झाला. मी एकेक नाव जुळवत वाचतोय, आणि मागून योना, आमचा सगळ्यात वांड पोरगा, प्रत्येक नावाला ओरडतोय, "हजर!"

अर्ध्या पानावर एस्तेरनं हात वर केला. ती वर्गातली शहाणी.

"दादा, ही हजेरी कवा संपायची? आमचं नाव आलंच नाय!"

मी पुढे बघितलं. बरीच बाकी होती. बिस्किटं वाटली आणि वर्ग सोडला.

*

पावसाळ्यात एकदा मी म्हटलं, आज ज्यानं त्यानं आपल्या मनातलं मागायचं.

योना सुरू झाला, "देवा, नदी चढू दे, शाळा बंद पडू दे."

एस्तेर डोळे न उघडताच ओरडली, "ए! आमचं घर काठाला हाय! देवा, याचं ऐकू नको!"

दोघांची जुंपली. शेवटी दोघंही माझ्याकडे वळली. "दादा, तू सांग. देव कोणाचं ऐकणार?"

मला काय माहीत? ताईसाठी आम्ही सगळ्यांनी मागितलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "दोघांचं थोडं थोडं."

त्याच आठवड्यात पाणी चढलं. एस्तेरच्या अंगणात आलं, शाळेच्या पायरीला लागलं, आणि उतरलं. घर वाचलं, शाळाही भरली.

रविवारी दोघंही माझ्यावरच फुगलेली!

*

मग मैत्रीचा पाठ आला. मला आयडिया सुचली. म्हटलं, "ज्याच्याशी कट्टी असेल, त्याच्या शेजारी जाऊन बसा."

एकदम धावपळ. सतरंजी गोळा झाली. कोणाची कोणाशी कट्टी आहे ते आख्ख्या वर्गाला कळलं, त्यातून दोन नव्या कट्ट्या झाल्या. मी हात जोडून "बसा रे, बसा" करतोय, तर एस्तेर येऊन माझ्या शेजारी बसली.

"माझ्याशी कट्टी? का गो?"

"तू ताईसारखं सांगत नाय म्हनून."

माझीही माझ्याशी तीच कट्टी होती.

*

एकदा पास्टर न सांगता वर्गावर आले. पोरांना विचारलं, "काय काय शिकलात?"

योना उठला.

"दादाला काय येत नाय."

"बरं. आणि?"

"तरी येतो."

पास्टर हसले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नागोठण्याच्या एक बाई वर्ग घ्यायला तयार आहेत. शिकलेल्या आहेत. देऊन टाकू का? पुढच्या रविवारी सांग."

सुटलो असं वाटलं. मग राग आला. कोणाचा, ते कळेना. पेणला निघालेली त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा.

*

त्या रविवारी मी ठरवूनच गेलो. वर्ग संपला की पोरांना सांगायचं, पुढच्या वेळेपासून बाई येतील.

नेमकी त्याच दिवशी रूथ परत आली. पहिलीतली पोर. ताई आजारी असतानाच तिचा बाप धरमतरच्या जेट्टीवर कामाला लागला, तेव्हापासून सगळं घर तिकडे होतं. ताईचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या वर्गात एकजण प्रार्थना करतो आणि बाकीचे मिळून आमेन म्हणतात. आमेन झाल्याशिवाय त्यानं डोळे उघडायचे नाहीत, हा ताईचा नियम. रूथ आल्या आल्या पुढे झाली. घट्ट डोळे मिटले.

"देवा, आमच्या ताईला लवकर बरं कर. येशूच्या नावानं मागते."

आमेन आलंच नाही. पोरं माझ्याकडे बघतायत, मी सतरंजीकडे.

रूथ डोळे मिटून उभीच. "म्हना ना!"

योना उठून तिच्याजवळ गेला. "अगो, ती कवाच बरी झाली. आता देवाकडं राहते."

रूथनं खाडकन डोळे उघडले. "मग मला कळवायचं नाय व्हय? मी तिकडं रोज मागते!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा डोळे मिटले.

"बरं. आता दादाचं मागते. देवा, आमच्या दादाला..."

पुढचं तिला बोलूच दिलं नाही. पोरांनी एवढ्या जोरात आमेन ठोकलं, की पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि बाईंचं सांगायचं राहूनच गेलं!