ओदिलाँचा एक सूर

लेओगान गावात ओदिलाँ गवंडी म्हणून ओळखला जाई, पण त्याहून जास्त त्याच्या एका सुरासाठी. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत रारा निघे. ढोल, गाणारे आणि बांबू फुंकणारे यांची ती मिरवणूक रस्त्याला लागली, की सगळ्यात जाड बांबू त्याच्या खांद्यावर असे. एका बांबूतून एकच सूर निघतो. चौघा बांबूवाल्यांनी आपापला सूर आपापल्या वेळी टाकला तर चाल होते, नाहीतर नुसतं घुमणं. ओदिलाँचा सूर सगळ्यात खालचा. बाकीचे तिघे आपल्यावरच उभे आहेत असं त्याला वाटे. गवंडीच तो, पायाशिवाय दुसरं काय सुचणार!

त्याच्या सुराला लागून मेरिस्याँचा सूर. मेरिस्याँ म्हणजे त्याच्या बायकोचा, सेंतानीझचा, धाकटा भाऊ. या दोघांत अबोला होता, आणि कारण एक झाड. मेरिस्याँ जन्मला तेव्हा त्याची नाळ पुरून वर नीरफणसाचं रोप लावलं होतं, इथे सगळ्यांचं लावतात तसं. पुढे त्या झाडाची मुळं ओदिलाँच्या नव्या भिंतीत शिरायला लागली. मेरिस्याँ बाजारात गेलेला बघून ओदिलाँने झाडच तोडलं. सेंतानीझ कितीतरी दिवस नवऱ्याला धड जेवायला वाढेना. ओदिलाँचं म्हणणं एकच, भिंत सरळ आहे की नाही ते बघा. भिंत सरळ होतीच. तिच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती.

तरी रारात ते शेजारी चालत, कारण सुरांच्या जागा बदलता येत नाहीत. याने फुंकावं, त्याने उत्तर द्यावं, आणि मिरवणूक संपली की दोघांनी रस्त्याच्या दोन बाजूंनी घर गाठावं.

यंदा ध्वजदिनाला शाळेच्या मुख्याध्यापिका मादाम वेर्ना यांनी ओदिलाँला निरोप धाडला, की मुलांना आपल्या देशाचा आवाज ऐकवा. चौघांपैकी एक कामाला चिलीला गेलेला, दुसरा देवाघरी. उरले हे दोघे. माझ्या भावाला बोलवा, असं सेंतानीझने दोनदा सांगून पाहिलं. देशाचा आवाज माझ्याकडे मागितलाय, त्याच्याकडे नाही, असं म्हणत ओदिलाँने इस्त्रीचा शर्ट चढवला. बांबूवाल्याने एकट्याने निघायचं म्हणजे निव्वळ खुळेपणा. पण डोक्यात राख घालून घेतलेल्याला कोण सांगणार?

शाळेच्या अंगणात निळ्या-लाल पताका लागल्या होत्या. ओदिलाँने गाल फुगवून एक सूर फुंकला आणि सवयीने थांबला. पुन्हा फुंकला, पुन्हा थांबला. मुलं खुसुखुसू हसायला लागली. पुढे बसलेल्या मेरिस्याँच्या लेकीने मात्र अगदी मनापासून विचारलं, "आतोबा, गाणं कधी सुरू होणार?"

ओदिलाँ कानकोंडा झाला. तेवढ्यात पालकांत बसलेला मेरिस्याँ त्याला दिसला. तो हसत नव्हता. ओदिलाँ थांबला की आपल्या सुराच्या जागी मेरिस्याँचे गाल फुगत आणि हवा नाकावाटे निघून जाई.

"नाही सुरू होणार, पोरी," बांबू खाली करत ओदिलाँ म्हणाला. "पुढचा सूर तुझ्या बापाकडे आहे. त्याच्या नाळेचं झाड मी तोडलं, तो घरी नसताना. भिंत थोडी वळवून बांधता आली असती मला. नाही बांधली."

मेरिस्याँ जागेवरून उठला.

"दाजी," तो म्हणाला, "सांगून तोडलं असतंत, तर कुऱ्हाड मीच धरली असती."

मग वाकून त्याने बाकाखालून गोणपाटात गुंडाळलेला बांबू ओढला. "सकाळीच आणून ठेवलाय. म्हटलं, दाजींना मध्येच अक्कल आली तर हाताशी असावा."

लाज आणि आनंद ओदिलाँला एकदमच इतके दाटून आले, की त्याची पहिली फुंक वाया गेली. दुसरी लागली. पण दोन सुरांत चाल पुरी होईना, मधे दोन जागा रिकाम्या राहत होत्या. थोड्या वेळाने त्या मुलांनीच तोंडाने भरल्या. दर वर्षी दारात उभं राहून ऐकलेलं, शिकवावं लागलं नाही. मादाम वेर्नांचं देशावरचं भाषण मात्र राहूनच गेलं.

घरी जाताना मेरिस्याँ नेहमीसारखा रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागला. ओदिलाँही अलीकडेच राहिला. तोडलेलं झाड काही परत उभं राहणार नव्हतं. पण वळणापाशी पलीकडून एक सूर आला आणि थांबला. ओदिलाँने खांद्यावरचा बांबू उतरवला आणि आपला सूर दिला.