रानमिरीचा घोस

सोनाळ्याचा मोतीराम झाडावर चढायला लागला की खालची माणसं बोलणं थांबवून बघत राहायची. बुलढाण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे वामनराव सर सातपुड्यात पानंफुलं गोळा करायला आले, त्यांनी त्याला हेरलं आणि नोकरीला लावलं. त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं, कॉलेजामागच्या एका खोलीत संसार मांडला.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सर मोतीरामला आंबोलीखालच्या दाट रानात घेऊन गेले. त्यांना रानमिरीची वेल हवी होती. नुसती पानं चालत नाहीत, दाण्यांचा घोस असला तरच ओळख पटते, आणि घोस होता पार शेंड्याला. मोतीरामनं तो तोडून खाली टाकला. उतरताना शेवाळलेल्या खोडावरून पाय सुटला. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग गेलं.

कॉलेजानं त्याच्या जागी रुख्मिणीला घेतलं. वाळवलेल्या वनस्पती जाड कागदावर दोऱ्यानं टाचायच्या, हे काम. वाऱ्यानं पानं उडतात म्हणून खिडक्या कायम बंद. तिथून सुटली की ती मागच्या खोलीत, खाटेपाशी. अमडापूरला पुतणीचं लग्न झालं, तेव्हाही तिला जाता आलं नाही.

मोतीराम रोज विचारायचा, वेलीचं काय झालं? नाव लावायला पुण्याला पाठवलीय, असं ती सांगायची. ते खरंच होतं. मग एका सकाळी ती वेल तिच्याच टेबलावर आली. चार काळपट पानं आणि सुतळीएवढा घोस. चुलीत घालावा असं तिच्या मनात आलं. तिनं तो टाचला, कपाटात ठेवला, आणि घरी मात्र तेच सांगत राहिली, अजून आली नाही.

शेवटी एकदा भेटायला आलेले सरच बोलून गेले, वेल कधीच आली म्हणून. ते गेल्यावर मोतीरामनं विचारलं, "काऊन लपवलं?"

"तिची वाट पाहू पाहू तुमी दिवस काढून राह्यले," रुख्मिणी म्हणाली. "ते सरलं असतं तं मंग रोज काय सांगतलं असतं मी तुमाले?"

दुसऱ्या दिवशी सरांना विचारून तिनं वेल टाचलेला कागद घरी आणला. मोतीरामनं तो छातीवर उभा धरून कितीतरी वेळ पाहिला. टाका बारीक घातलास, म्हणाला. मग कागद तिच्या हातात देत म्हणाला, "मले सोनाळ्याले ने."

तिची नोकरी सोडून तिथं खायचं काय, हा प्रश्न दोघांनाही ठाऊक होता. "पाहू," ती म्हणाली आणि कागद परत ठेवायला गेली.

मोतीराम सोनाळ्याला गेला तो बऱ्याच वर्षांनी, ट्रकमधून, पांढऱ्या कापडात. तेरवी झाल्यावर नातलग रुख्मिणीला म्हणाले, आता इथंच राह्य. ती काही दिवस राहिलीही. उघड्या अंगणात बसून असायची, हातांना काय काम द्यावं ते तिला सुचायचं नाही. एके दिवशी तिनं बुलढाण्याची एसटी धरली.