गाडीतला घरचा वाटा

भास्करअण्णा माझ्या ऑफिसात आले की खुर्चीत बसण्याआधी खिडकीशी जायचे आणि खाली लावलेल्या आपल्या पांढऱ्या गाडीकडे बघून घ्यायचे. मग बसायचे. दोन वाक्यं झाली की पुन्हा खिडकीशी. लोकांचे आयकर रिटर्न भरायच्या हंगामात माझं डोकं आधीच आंबलेलं असतं, त्यात समोरच्याची ही ऊठबस. एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, अशोकस्तंभाच्या भर चौकातून दिवसाढवळ्या गाडी कोण पळवणार आहे?"

"गाडीचं नाय ओ. तारा बसलीय खाली."

तारावहिनी त्यांच्या पत्नी. दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिसवर. दवाखान्यातून निघाल्या की सीट मागे पाडून डोळे मिटून पडायच्या. माझा जिना चढणं त्यांच्याच्यानं होत नसे.

अण्णा ठिबक सिंचनाचं सामान कमिशनवर विकायचे. आज वणी, उद्या विंचूर, परवा सटाणा. पगार नाही, रजा नाही. गाडी थांबली की चूल थांबली. धंद्याला गाडी वापरणाऱ्याला डिझेल, दुरुस्ती, विमा आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरते तो घसारा, हे सगळं उत्पन्नातून वजा करता येतं. घरच्या वापराचा वाटा तेवढा सोडायचा. पण तो वाटा आपणहून सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. लग्नाला, गडावर देवीला, सासुरवाडीला निघालेली गाडी माझ्याकडच्या कागदांवर कायम धंद्यालाच निघालेली असते.

अण्णा मात्र बसल्या बसल्या सांगायचे, "निम्मी गाडी घरची धरा."

"औषधाला पैसा पुरत नाही म्हणता आणि कर जास्त भरता?"

"निम्मी तिच्यापायीच फिरते ना. मग?"

वहिनींना घरी एकटं ठेवायची त्यांना भीती वाटे. म्हणून दवाखान्यातून ते त्यांना घेऊनच गिऱ्हाइकांच्या शेतावर जायचे. गावोगावच्या लोकांना त्याची सवय झाली होती. अण्णा नळ्यांची मापं घेत असायचे तोवर घरातली एखादी बाई गाडीत वहिनींजवळ येऊन बसे. वहिनींनी पाणी मोजूनच प्यायचं हे माहीत असल्यामुळे चहाचा आग्रह करत नसे, नुसत्या गप्पा मारी.

मला त्यातच वाट दिसली. म्हटलं, "वहिनी बरोबर असल्या तरी जाणं धंद्याचंच. त्या फेऱ्या सरळ धंद्यात धरू. यात खोटं काही नाही."

एरवी मऊ असलेला हा माणूस एकदम चिडला. "नाय साहेब. ती बसली का गाडी घरची. धंदा मागच्या सीटवर. अन् ती हाय म्हणून तर पळतोय मी, नायतर एवढं कोणासाठी करायचं?"

कायद्याने त्यांचं चुकतच होतं. पण मी दमलो होतो. निम्मी तर निम्मी. दरवर्षी हाच वाद आणि दरवर्षी माझीच हार. त्यांचा मला राग यायचा, आणि हंगाम लागला की त्यांची वाटही बघायचो.

मग एका वर्षी अण्णा आले ते थेट खुर्चीत बसले. खिडकीशी गेलेच नाहीत. मी चहा सांगितला, फाइल काढली आणि माझ्या लक्षात आलं. मी फाइलची पानं उलटत राहिलो.

"फाल्गुनात गेली," तेच म्हणाले. "तुमचं वर्ष मार्चपर्यंतच ना? मग निम्मीच धरा."

तसं केलं. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा बरेच वाळले होते. फिरणं चालूच होतं. दवाखान्याची उधारी अजून फिटायची होती. मी काही न विचारता सवयीने निम्मा आकडा टाकला. अण्णांनी वाकून पाहिलं.

"साहेब, यंदा समदी धंद्याची धरा."

इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो ते आयतं हातात आलं होतं, आणि ते मला लिहवेना. मला फार वाईट वाटलं.

"थोडी तरी घरची राहू द्या, अण्णा," मी म्हणालो. "कुठंतरी जात असालच की."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"खोटं कशाला लिहायचं, साहेब? घरचं जाणं आता राहिलंय कुठं?"