दुर्बिणीतला देवमासा

गावी आम्ही नवराबायको मिठागरात राबलो. ती गेली आणि मुलानं मला न्यूझीलंडला आणलं. इथंही समुद्राकाठी मीठच पिकतं, पण घरात दिवसभर बोलायला कुणी नाही. म्हणून मी किनाऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसायचो.

तिथं एक म्हातारा गोरा रोज यायचा, भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला. नाव मी कधी विचारलं नाही. ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून शेजारी टेकायचा. मधेच माझा खांदा दाबायचा, गळ्यातली दुर्बीण माझ्या हातात द्यायचा आणि बोट दाखवायचा, “तो बघ, देवमासा!”

मला नुसतं पाणी दिसायचं. तरी मी “येस, येस, बिग” म्हणायचो. खरं बोललो असतो, तर मला हाक मारणारा तेवढा एक माणूसही तुटला असता.

एक दिवस माझंच खोटं मला असह्य झालं. म्हटलं, “दोन महिने झाले, मला काहीही दिसलेलं नाही.”

तो खो खो हसला. “मलाही नाही. लांबचं दिसणं कधीच गेलं. बायको दाखवायची. आता मी अंदाजानं बोट करतो.”

थोड्या वेळानं पाण्यातून खरंच पांढरा फवारा उडाला, मागून काळी पाठ वर आली. मी त्याची हनुवटी धरून तोंड तिकडं फिरवलं.

“केवढा आहे?” त्यानं विचारलं.

मोडक्या इंग्रजीत म्हटलं, “दोघांनी दिवसभर ओढलेल्या मिठाच्या राशीएवढा.”

त्यानं मान हलवली. “दोघांनी ना? मग मोठाच.”