भिल्लांची शेवटची लढाई

परवा पंचवटीतल्या एका दवाखान्यात फिनेलचा वास आला आणि आईची खाट आठवली. तिचा आजार बरा होणारा नव्हता. वेळ जावा म्हणून मी तिला इंग्रजांच्या पलटणीशी लढणाऱ्या भिल्लांची कादंबरी वाचून दाखवत होते. शेवटच्या लढाईत सगळे मारले जातात. वाचताना मी ते बदललं, काहीजण निसटले म्हणून सांगितलं.

"खोटं नको गं वाचूस," आई म्हणाली. "तोफांपुढे तीरकमठे किती टिकणार? आहे तसं वाच."

मी वाचलं. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"हरणार हे ठाऊक होतं, मग लढले कशाला?" तिनं विचारलं.

मी पुस्तक मिटून उशाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं सलाईन लावू दिलं नाही. ती चिडली असावी, असं तेव्हा वाटलं. आता तिच्या वयाला पोचल्यावर तिचा थकवा कळतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजूनही सुचत नाही.